दुसरी बाटली

बाटली हरवल्याचं मला कळलं ते बायकोच्या ऑफिसातल्या साहेबांच्या तोंडून, आमच्याच बाहेरच्या खोलीत. ही गेल्यानंतर लोक अजून भेटायला येत होते. साहेब खुर्चीच्या कडेवर बसून गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात करत होते. आधी ते हिच्याबद्दल चांगलं बोलले. असं माणूस पुन्हा मिळायचं नाही, वगैरे. मग थांबले आणि म्हणाले, "अशा वेळी विचारू नये, पण माझा इलाज नाही. वसतिगृहाच्या केसमधली दुसरी बाटली सापडत नाहीये. सगळं ऑफिस पालथं घातलं. बाई तुमच्याकडे काही बोलल्या होत्या का?"

"नाही," मी म्हणालो.

हे काही विचार करून म्हणालो नाही. त्या दिवसांत मला कुणी काहीही विचारलं की मी नाहीच म्हणत होतो. जेवलात का, नाही. झोप लागली का, नाही. तसंच हेही निघून गेलं. तेवढ्यात मेहुणी आतून चहा घेऊन आली. त्या चहातलं दूध ज्या फ्रिजमधून काढलं होतं, त्याच फ्रिजच्या खालच्या कप्प्यात ती बाटली आहे, हे मला तेव्हा आठवलं. साहेबांची खुर्ची आणि बाटली यांच्यामध्ये फक्त एक भिंत होती.

साहेबांनी चहा संपवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि गेले. दोन वाक्यांत सांगून टाकता आलं असतं, पण माझी जीभ उचलली नाही. हिने एकदा नियम मोडला होता हे मला माझ्याच तोंडाने तिच्या साहेबांना सांगायचं होतं, आणि ते समजावून सांगायला ती नव्हती.

ही अन्न निरीक्षक होती. पुढे कायदा बदलला, पदाचं नाव बदललं, काम तेच राहिलं. नोकरीला लागली तेव्हा त्या ऑफिसात ती एकटीच बाई. उजाडायच्या आत डेअऱ्यांच्या दारात उभी राहून दुधाच्या कॅनची झाकणं उघडायची. हॉटेलांत गेली की समोरची टेबलं न बघता थेट मागच्या मोरीपर्यंत जायची. बाजारात तिला बाटलीबाई म्हणत, कारण नमुन्याच्या बाटल्यांची पिशवी कायम हातात.

"लोक भलतंच समजतील गं," मी म्हणायचो.

"समजू देत. प्यायलेल्या बाईच्या वाटेला कुणी जात नाही."

धमक्या येत. एकदा आमच्या दारात सडका मासा टाकून गेले. हिने तो उचलताना आधी वास घेतला आणि म्हणाली, "बर्फात ठेवलेला नव्हता." लग्नाच्या जेवणाला गेलो की आधी मागे आचाऱ्यांकडे चक्कर मारून यायची. परत येताना पर्स डाव्या खांद्यावर असली तर पोटभर जेवायचं, उजव्या खांद्यावर असली तर पोट बरं नाही असं यजमानांना सांगायचं. आमची लेक म्हणायची, "आईने आपल्या स्वयंपाकघराला लायसन्स दिलंय का, ते एकदा बघून घ्या बाबा."

माझा धंदा फ्रिज दुरुस्तीचा. घरापासून जवळच गाळा आहे. लोक चेष्टा करत, एक थंड करतो आणि दुसरी घाम फोडते.

बाटलीचं प्रकरण समजायला एवढं पुरे. निरीक्षक कुठलाही नमुना घेतो तो दोन सारख्या भागांत. दोन बाटल्या भरायच्या, झाकणावर सहीची चिठ्ठी, दोरा, वर लाख वितळवून सील. पहिली प्रयोगशाळेत जाते. दुसरी ऑफिसात राहते. पहिलीत खोट निघाली आणि माल विकणाऱ्याला ते मान्य नसलं, तर तो दुसरी तपासायला मागू शकतो. ती दुसरी मिळाली नाही तर त्याच्याविरुद्ध काही उभं राहत नाही. म्हणून ही पहिलीपेक्षा दुसरीला जास्त जपायची. "पहिली आपली असते," ती म्हणायची, "दुसरी त्यांची. त्यांची वस्तू आपल्याकडे ठेवायला दिलेली असते."

वसतिगृहाची केस दुधाची होती. मुलींच्या शाळेचं वसतिगृह, सकाळी सगळ्यांना कपभर दूध. एका सकाळी दूध पिऊन मुली ओकायला लागल्या, तोंडं भाजली. बऱ्याच जणी थोड्या दिवसांत बऱ्या झाल्या. एक झाली नाही. कॅनच्या तळाचं दूध तिच्या वाट्याला आलं होतं. दूध आंबायला लागलं की काही डेअऱ्या त्यात कॉस्टिक सोडा टाकतात, म्हणजे आंबटपणा मरतो. इथे टाकणाऱ्याने हात सैल सोडला होता आणि ढवळलंही नव्हतं. त्या मुलीची अन्ननलिका आतून जळली. तिला पोटात घातलेल्या नळीतून भरवावं लागतं.

ही तेव्हा निवृत्तीला आली होती. या केसने तिला जेवढं जाळलं तेवढं दुसऱ्या कशाने नाही. पहिल्या बाटलीत सोडा निघाला. डेअरीने प्रयोगशाळा चुकली असं म्हणत दुसरी बाटली तपासायला मागितली. ती द्यायची तारीख कोर्टाने ठरवली, आणि त्याच्या थोडं आधी ऑफिसचा फ्रिज बंद पडला.

हा फ्रिज मी दहा वेळा दुरुस्त करून दिला असता. पण ऑफिसची वस्तू नवऱ्याच्या हातात द्यायची नाही, हा हिचा नियम. "उद्या कोणी म्हणेल, बाईंनी घरच्या माणसाला काम दिलं."

"फुकट करतो."

"मग म्हणतील, बाईंच्या माणसाने फ्रिजमध्ये हात घातला."

ऑफिसचा ठेकेदार सोमवारी येतो म्हणाला. मध्ये सुट्टीचे दिवस, उन्हाळ्याचे. तेल, पीठ, मसाल्यांच्या बाटल्यांना काही होणार नव्हतं, त्या कपाटातच असतात. थंडीत ठेवायला लागणारी ती एकच होती. सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी ही घरी आली ती बर्फाच्या डब्यातून बाटली घेऊनच.

"हे चालतं का?" मी विचारलं.

"नाही चालत," ती म्हणाली. "पण टिकायचं औषध घातलेलं असलं तरी या उन्हाळ्यात तिथे ठेवली तर दही होईल. साहेबांचा फोन लागत नाही, गावाला गेलेत. सोमवारी पहिलं काम त्यांना सांगायचं आणि लिहून द्यायचं." मग फ्रिजचं दार उघडून खालचा कप्पा रिकामा केला, बाटली उभी ठेवली आणि मला म्हणाली, "अहो, तुमच्या फ्रिजवर माझा ऑफिसपेक्षा जास्त विश्वास आहे. आता तोंडघशी पाडू नका."

माझ्या कामाबद्दल ती एवढं बोललेली मला आठवत नाही. मी दुसऱ्या दिवशीही खुशीत होतो.

रविवारी सकाळी ती भाजी आणायला गेली आणि मंडईच्या पायरीवर बसली ती उठलीच नाही. डॉक्टर म्हणाले, हृदय. सोमवारी ऑफिस उघडलं तेव्हा आम्ही तिला पोचवून आलो होतो.

साहेब गेल्यावर मी स्वयंपाकघरात जाऊन खालचा कप्पा ओढला. बाटली होती. लाख शाबूत, दोरा शाबूत, चिठ्ठीवर हिची सही. फक्त ती उभी ठेवली होती तिथून मागे सरकवलेली होती, आणि शेजारी कुणीतरी आणून दिलेल्या आमटीचं पातेलं होतं.

मग माझी नजर वरच्या बर्फाच्या कप्प्याकडे गेली. हे कुणी मुद्दाम बघत नाही, पण माझे डोळे आपोआप तिकडे जातात. आमच्या फ्रिजला भुरभुरीत बर्फ धरतो, पांढरा, बोटाने खरवडला की पडणारा. आता तिथे काचेसारखा गुळगुळीत पातळ थर होता. वितळून पुन्हा गोठलेलं पाणी असंच दिसतं.

"फ्रिज कुणी बंद केला होता?" मी विचारलं.

मेहुणी ओट्यापाशी भांडी पुसत होती. हिची धाकटी बहीण. "मीच केला भाऊजी. इतके लोक येणार, डबे येणार, म्हटलं आतून धुऊन घ्यावा. ताईला घाण फ्रिज चालला नसता."

"किती वेळ बंद होता?"

"संध्याकाळी केला. मग ते रडणंभेकणं, पाहुणे. लावायचाच राहिला. दुसऱ्या दिवशी दूध नासल्यावर लक्षात आलं." तिने माझ्याकडे बघितलं. "काय झालं? काही महत्त्वाचं होतं का आत?"

"नाही," मी म्हणालो.

एका रात्रीचा आणि एका सकाळचा उन्हाळा त्या बाटलीने बंद फ्रिजमध्ये काढला होता. आत काय झालं असेल ते मला माहीत नव्हतं. हिने दुधात टिकायचं औषध घातलेलं होतं, कदाचित काहीही झालं नसेल. पण ते सांगू शकणारं माणूस घरात उरलं नव्हतं.

त्यानंतर मी गाळा उघडला, कारण घरी बसवत नव्हतं. एका दुपारी एक टेम्पो येऊन थांबला. मागे दोरीने बांधलेला छोटा फ्रिज. ड्रायव्हर उतरला, आणि मी त्याला ओळखलं. ही गेली त्या दिवशी तो येऊन फाटकापाशीच उभा राहून गेला होता. वसतिगृहातल्या त्या मुलीचा बाप.

"काका, हा बघता का? मुलीचं पातळ जेवण यात ठेवतो. दोन दिवस गार होत नाहीये."

मी मागची जाळी काढली. धूळ भरली होती आणि कॉम्प्रेसर चालू करणारा रिले गेला होता. तो बाजूच्या डब्यावर बसून राहिला. बोलायला आला होता हे मला कळत होतं, आणि म्हणून मी मान वर करत नव्हतो.

"ऑफिसात म्हणतात, बाटली सापडत नाही," तो म्हणाला.

मी स्क्रू शोधत राहिलो.

"बाई आमच्या घरी यायच्या, माहीतय तुम्हाला? पोरीशी पत्ते खेळायच्या. पोरगी चीटिंग करते, बाई मुद्दाम बघत नव्हत्या. मी एकदा विचारलं, बाई, डेअरीवाले मोठे लोक, काही होईल का? म्हणाल्या, बाटली आहे तोवर ते कुठे जात नाहीत. वकील कितीही मोठा आणू देत." त्याने चेहऱ्यावरून हात फिरवला. "मला पैसाबिसा नको काका. तो माणूस उभा राहिलेला बघायचाय. न्यायाधीश त्याला म्हणतात, तू घातलंस. एवढंच."

"होईल चालू," मी म्हणालो. मी फ्रिजबद्दल बोललो होतो.

"आणि बाटली?"

"साहेबांना विचारतो मी."

त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. हाताला ग्रीस होतं, तरी सोडला नाही. "तुम्ही बघाच. तुमच्या शब्दाला किंमत आहे तिथे."

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेलो. हिच्या टेबलावर आधीच कुणाच्या तरी फायली आल्या होत्या. जिन्यात स्टोअरवाले काका भेटले. शिपाई म्हणून लागले आणि स्टोअररूमची किल्ली सांभाळता सांभाळता म्हातारे झाले. हिच्या बरोबरीचे, तेही निवृत्तीला आलेले. पायरीवर बसले होते, अंगात ऑफिसचा शर्ट नव्हता.

"आज सुट्टी का काका?"

"कायमचीच," ते म्हणाले. "किल्ली माझ्याकडे. बाटली आतून गेली म्हणजे मी काढली. डेअरीकडून खाल्लं म्हणे. निलंबन हातात दिलंय, चौकशी बसवणार. पेन्शन अडकली." ते जरा हसले. "खाल्लं असतं तर दातबीत तरी बसवून घेतले असते. आता लोक आपलं तोंड बघून म्हणतील, खाऊनसुद्धा बोळकंच."

मग चेष्टा संपली आणि ते खाली बघून म्हणाले, "बाई असत्या तर बोलल्या असत्या माझ्यासाठी."

मी सरळ साहेबांच्या केबिनमध्ये गेलो आणि उभ्यानेच सांगितलं. बाटली माझ्या घरी आहे. हिने का आणली, कधी आणली, सोमवारी काय करणार होती. साहेबांनी आधी उठून दार लावलं.

"अजून कुणाला सांगितलं?"

"कुणाला नाही."

"मग सांगू नका. मीही ऐकलं नाही." ते माझ्यासमोर टेबलावर टेकले. "नीट ऐका. बाटली हरवली, तर ती एक केस जाते. वाईट होतं, पण एक. बाटली बाईंच्या घरच्या फ्रिजमध्ये निघाली, तर त्यांनी आयुष्यभर केलेली प्रत्येक केस उघडते. ज्यांना ज्यांना शिक्षा झाली, त्यांचे वकील म्हणतील, ही बाई नमुने घरी न्यायची. तेलवाला, बेकरीवाला, मसालेवाला. सगळे अपिलात जातील. सगळी नोकरी पाण्यात जाईल त्यांची. तुम्हाला ते हवंय?"

"आणि काका?"

"काकांचं मी बघतो. चौकशी लांबवू. पुढेमागे सोडवू."

"पुढेमागे म्हणजे?"

साहेबांनी टेबलावरची फाईल सरळ केली. ते वाईट माणूस नव्हते. त्यांना हिच्याबद्दल खरंच वाटत होतं, म्हणूनच तर त्यांचं म्हणणं मला झटकून टाकता येईना.

घरी मी लेकीला सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, साहेब बरोबर बोलतायत. आई गेली. आता तिचं नाव तरी राहू द्या."

"आणि काका चोर?"

"काकांना आपण मदत करू ना."

"तुझी आई असती तर?"

"आई असती तर हा प्रश्नच आला नसता," ती चिडून म्हणाली. "तुम्ही नेहमी तिच्या मागे लपता. तुम्हाला काय वाटतं ते सांगा."

मला काय वाटत होतं ते सांगतो. मला वाटत होतं, सगळं खरं सांगितलं तर कदाचित कोर्ट म्हणेल, सील तर शाबूत आहे, तपासून घ्या. मग काका सुटतील, केसही राहील, मुलीच्या बापाला हवं ते मिळेल, आणि हिच्याबद्दल लोक म्हणतील, बाई घरी घेऊन गेली ती जपण्यासाठीच. बुडणारा माणूस जसा हात मारतो तसा मी या विचाराला धरून होतो. काचेसारखा बर्फ मला दिसत होता, पण मी तिकडे बघत नव्हतो.

मी सरकारी वकिलांकडे गेलो. तरुण बाई, टेबलावर फायलींचा ढीग आणि त्यावर उघडा जेवणाचा डबा. सगळं ऐकून त्यांनी डब्याचं झाकण लावलं.

"सील शाबूत आहे?"

"आहे."

"फ्रिजमध्येच होती?"

"फ्रिजमध्येच होती, पण मधे एकदा..."

त्यांनी हात वर केला. "काका, मला पुढचं सांगू नका. मला ते कळलं तर मी तुम्हाला साक्षीला उभं करू शकणार नाही. विचारतील तेवढ्याचं उत्तर द्या. उरलेलं पोटात ठेवा."

कोर्टाच्या दिवशी बाटली बर्फाच्या त्याच डब्यातून नेली. मेहुणी आणि लेक मागच्या बाकावर. काका भिंतीला टेकून. मुलीचा बाप सगळ्यात पुढे, इस्त्रीच्या शर्टात. साहेब खिडकीतून बाहेर बघत होते. बाटली आमच्या घरी होती हे मी सांगितलं तेव्हा कोर्टात कुजबुज झाली आणि काकांनी मान खाली घातली ती वर केली नाही. सरकारी वकिलांनी न्यायाधीशांना सील दाखवलं. न्यायाधीशांनी चष्मा वर करून ते नीट पाहिलं. आता तपासायला पाठवा म्हणतील, असं मला खरंच वाटलं.

मग डेअरीचे वकील उठले. पोट सुटलेले, हसऱ्या तोंडाचे. त्यांनी माझं सांत्वन केलं. मग विचारलं, "तुमचा धंदा काय?"

"फ्रिज दुरुस्ती."

"बऱ्याच वर्षांचा?"

"केस काळे होते तेव्हापासूनचा."

लोक हसले. तेही हसले. "म्हणजे तुमच्या घरचा फ्रिज ठणठणीत असणार."

"आहे."

"भाजी, दूध, शिजवलेलं अन्न, सगळं त्याच फ्रिजमध्ये?"

"हो."

"घरात माणसं बरीच होती तेव्हा. कोणीही दार उघडू शकत होतं?"

"दार उघडत होते. बाटलीचं सील कुणी तोडलं नाही."

"बरं." ते कागद गोळा करायला लागले होते. शेवटचा प्रश्न त्यांनी बसता बसता विचारला, विचारायची पद्धत म्हणून. "आणि बाटली घरी आणली तेव्हापासून आज सकाळपर्यंत हा फ्रिज एकदाही बंद नव्हता, असं तुम्ही शपथेवर सांगता?"

हो म्हणायचं होतं. मला, मेहुणीला आणि त्या बर्फाला सोडून कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि मेहुणीला तर त्यातलं काही कळलंही नव्हतं. मुलीचा बाप माझ्या तोंडाकडे बघत होता. मी तोंड उघडलं. आयुष्यभर मी गिऱ्हाइकांना एकच गोष्ट सांगत आलोय, बंद होता का ते खरं सांगा, नाहीतर मला बिघाड सापडणार नाही. हे तेव्हा मनात आलं असं मी म्हणणार नाही. मनात काहीच नव्हतं. फक्त तो हो बाहेर येईना.

"बंद होता," मी म्हणालो. "संध्याकाळपासून दुसऱ्या दिवशीपर्यंत."

वकील अर्धवट बसले होते ते पुन्हा उठले. मागे मेहुणीचा आवाज आला, "अगं बाई."

पुढचं लवकर झालं. न्यायाधीश म्हणाले, ही बाटली कुठे कशी राहिली याचा भरवसा देता येत नाही, ती तपासायला पाठवता येणार नाही. दुसरी नाही म्हणून पहिलीचा निकाल डेअरीविरुद्ध वापरता येणार नाही. थोड्या दिवसांनी लेखी निकाल आला. डेअरीचा मालक सुटला. तो त्या दिवशी कोर्टात आलाच नव्हता.

बाहेर व्हरांड्यात मुलीचा बाप माझ्यासमोर आला. मला वाटलं हात उचलेल. उचलला असता तर बरं झालं असतं.

"एक शब्द होता," तो म्हणाला. "खोटा असता तर काय बिघडलं असतं? कोणाचं काय गेलं असतं?"

मी मागे वळून लेकीकडे बघितलं.

"तुमची मुलगी खाते ना तोंडाने?" त्याने मागे उभ्या असलेल्या माझ्या लेकीकडे बघून विचारलं, आणि तो निघून गेला. त्याच्या इस्त्रीच्या शर्टाची मागची बाजू घामाने ओली झाली होती.

काकांना परत घेतलं. ते पेढ्यांचा पुडा घेऊन आले आणि दारातूनच परत गेले, कारण लेकीने दार उघडून पुन्हा लावून घेतलं. वर्तमानपत्रात आलं, 'नमुना अधिकाऱ्याच्या घरच्या फ्रिजमध्ये, भाजीशेजारी'. हिचा फोटो कुठून मिळवला कोण जाणे. तेलवाला अपिलात गेला, बेकरीवालाही. साहेब म्हणाले होते तसंच. बाजारात आता बाटलीबाई म्हणून हसतात, आणि तो जुना हसण्याचा प्रकार नाही. मेहुणी फोनवर रडते आणि म्हणते, मीच मारलं ताईला दुसऱ्यांदा. मी तिला सांगतो, फ्रिज धुवायचाच असतो. तिला ते पटत नाही.

मुलीच्या बापाकडे मी गेलो होतो. फाटक उघडलं नाही. खिडकीतून मुलगी दिसली. बारीक झालीय. तिने मला ओळखलं असावं, कारण तिने कुणाला तरी आत हाक मारली, आणि मग पडदा ओढला.

मी साहेबांकडे गेलो. तीनदा भेट दिली नाही. चौथ्या वेळेला जिन्यात गाठलं.

"ती केस गेली, ठीक आहे," मी म्हणालो. "पण डेअरी चालू आहे. उन्हाळा आहे, दूध आंबणार. त्याच वसतिगृहात त्याच डेअरीचं दूध पुन्हा जायला लागलंय. मी उभा राहून बघितलं. तुम्ही एकदा जाऊन नवा नमुना घ्या. दोन नव्या बाटल्या. तेवढंच मागतोय."

"मला नमुना घ्यायचा अधिकार नाही. तो निरीक्षकालाच. बाईंची जागा भरली की पाहू."

"कधी भरणार?"

"वर लिहिलंय."

"मुली उद्या सकाळी दूध पिणार आहेत साहेब."

"माझ्यावर ओरडू नका," ते म्हणाले, पण मी ओरडलो नव्हतो. माझा आवाज फुटत होता. त्यांनी आजूबाजूला बघितलं, मग हळू म्हणाले, "तुम्ही त्या दिवशी हो म्हणाला असतात तर आज डेअरी बंद असती. आता मला काही मागू नका."

मी वसतिगृहाच्या बाईंकडे गेलो. त्या म्हणाल्या, कोर्टाने सोडलंय, आम्ही दूध नाकारायचं कशाच्या जोरावर? मी काकांना विचारलं. ते म्हणाले, मी शिपाई. मी त्या सरकारी वकील बाईंना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, नमुना आणा, मी केस उभी करते.

हिच्या जागेवर अजून कुणी आलेलं नाही. त्या डेअरीच्या दुधाचा नवा नमुना अजून कुणी घेतलेला नाही.